उकिरडा गोठ्यापासून किती पावलांवर?

मागच्या अंकात या सदरात मी पर्माकल्चर या शेतीच्या आखणीच्या पद्धतीबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या. शेतातल्या एका घटकाकडून जे उरतं तेच दुसऱ्या कुणाला तरी लागत असतं, त्या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढाच त्यांचा मतलब. त्यावर या महिन्यात इतकी पत्रं आली की बियाण्यांचे आणि कीडरोगाचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुके दिलेत. काही पत्रं लांब होती, त्यांना कात्री लावली आहे.

ताई, मी हैदराबादकडं पर्माकल्चरचं प्रशिक्षण करून आलो. घरी पाच एकर कोरडवाहू, दोन बैल, एक म्हैस, आठ-दहा गावरान कोंबड्या आणि एक बोअर आहे. भिंतीवर मोठा कागद लावून प्रत्येक घटकाला काय लागतं आणि त्यातून काय निघतं ते लिहिलं, एकमेकांकडं बाण काढले. कागद भरला, पण रानात काहीच बदललं नाही. वडील म्हणतात, "बाणानं शेण हलत नसतं." सुरुवात कुठून करू?
— एक तरुण शेतकरी, ता. कळंब

वडिलांना माझा नमस्कार सांगा. मला जे पानभर लिहायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलंय.

तरी तो कागद फाडू नका. ही पद्धत बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर मांडली. १९७८ साली त्यांनी ती पहिल्यांदा पुस्तकरूपानं लोकांपुढं ठेवली. मॉलिसन शिकवताना कोंबडीचं उदाहरण घ्यायचे. तिला काय लागतं? दाणा, पाणी, सावली, अंग घोळायला धूळ, रात्रीचा निवारा आणि जोडीला इतर कोंबड्या. तिच्याकडून काय निघतं? अंडी, मांस, विष्ठा, पिसं, अंगाची ऊब. तिचा स्वभाव काय? उकरणं, टोचणं, किडे वेचणं. शेवटी तिची जात कुठली, हेही लिहायचं. या यादीमागं दोन साधे हिशेब आहेत. जी गरज आपोआप भागत नाही ती तुमच्या अंगावर काम होऊन पडते. जे निघतं आणि कुणी वापरत नाही त्याची घाण होते. हे तुम्ही शिकून आलातच.

कागदावर चार गोष्टी राहून गेल्या असणार, कारण बहुतेकांच्या राहतात: अंतर, उतार, महिना आणि वजन. तुमच्या कागदावर गोठा आणि रान यांच्यातला बाण वीतभर असेल. प्रत्यक्षात काय होतं? गोठा घराशी, उकिरडा गावाच्या कडेला, रान दीड-दोन किलोमीटरवर. शेण गोठ्यातून उकिरड्यावर जातं, वैशाखात उकिरड्यावरून गाडीत, गाडीतून रानात ढिगांमध्ये आणि ढिगांतून पसरायला. चारदा उचलायचं. त्यातली पहिली उचल रोजची, आणि ती घरातली बाई डोक्यावर टोपलं घेऊन करते. मी ज्या ज्या घरी हा प्रश्न विचारला तिथं बाण म्हणजे एक बाईच निघाली. तुमच्या घरी ती कोण आहे, आई की वहिनी? तिला विचारा की रोज डोक्यावरून काय काय जातं. ती जे सांगेल तीच तुमची खरी यादी. त्यातलं सगळ्यात जड काम आधी उतरवायचं. बाकीचे बाण भिंतीवर राहू द्यात, त्यांना घाई नाही.

दोन बैल आणि म्हैस म्हणजे रोजचं पस्तीस-चाळीस किलो शेण धरा. मूत वेगळं, आणि ते आपण जमिनीत मुरू देतो किंवा गटारात सोडतो. जनावराच्या अंगातून जो नत्र बाहेर पडतो त्यातला निम्म्याच्या आसपास मुतात असतो. आपण शेण जपतो आणि मूत सोडतो, म्हणजे निम्मं खत तिथंच गेलं. वर उघडा उकिरडा उन्हात वाळतो, पावसात धुतला जातो, तेव्हा उरलेल्यातलंही जातं.

म्हणून पहिलं काम हे करा. घरापाशी जागा नसेल तर गोठाच रानात आखाड्यावर (शेतातल्या खोपटापाशी) हलवता येतो का ते वडिलांशी बोला. राखणीचा, चोरीचा, पाण्याचा प्रश्न येईल, तो खरा आहे, त्यामुळं घाईनं ठरवू नका. गोठा कुठंही असो, त्याच्या उताराच्या बाजूला खड्डा घ्या, मीटरभर खोल, दोन मीटर रुंद, लांबी जागेप्रमाणं. गोठ्याच्या फरशीला खड्ड्याकडं उतार द्या आणि नाली थेट खड्ड्यात सोडा. मूत आपल्या पायानं जाईल. जनावरांखाली सोयाबीनचं भुसकट पसरा. ते रात्रभर मूत पितं, सकाळी शेणासकट खड्ड्यात ओढायचं. खोऱ्यानं ओढायचं, उचलायचं नाही. खड्ड्यावर सावली हवी. मे महिन्यात तुराट्यांचा साधा मांडव घातला तरी भागतं.

भुसकट म्हटलं की महिना आला. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. भुसकटाची गरज गोठ्यात वर्षभर, झाडांच्या आळ्यात फेब्रुवारी ते जून, आणि वैरण संपली की एप्रिल-मेमध्ये जनावराच्या तोंडातसुद्धा. एका महिन्यात येणारं आणि वर्षभर पुरवायचं असेल तर मध्ये गंजी लागते, म्हणून कागदावर गंजीला घटकाचा मान द्या. ती खळ्यापासून जवळ की गव्हाणीपासून? गव्हाणीपासून. खळ्यावरून ती एकदाच आणायची असते, गव्हाणीत रोज न्यायची असते. मराठवाड्यात जोडणी बिघडते ती बहुतेक इथंच. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पिकाचं उरलेलं दिवाळीच्या आगेमागे एकदम पडतं आणि सगळ्यांची गरज उन्हाळ्यात एकदम उठते. जिथं बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो तिथल्या पुस्तकांना ही अडचण तेवढी दिसत नाही.

पुस्तकांवरून आणखी एक. थंड मुलखात कोंबड्यांचं खुराडं काचघराला चिकटवून बांधतात. रात्री कोंबड्यांच्या अंगाची ऊब रोपांना मिळते. प्रशिक्षणात हे चित्र दाखवलं असेलच. चित्र खरं आहे, पण आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि कोंबड्या उष्म्यानंच मरतात. इथं ऊब कुणाला नकोय. इथं कोंबडीला सावली हवी. म्हणून खुराडं लिंबाखाली किंवा बोरीखाली घ्या. त्याच्या पश्चिमेला दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल चढवा. वेलाला विष्ठेचं खत मिळतं, खुराड्याला सावली. विष्ठा ताजी घालू नका, मुळं जळतात, दोन-तीन महिने कुजू द्या. आणि खुराडं खड्ड्याच्या जवळ ठेवा. दिवसा कोंबड्या खड्ड्याची कड उकरतात, शेणातल्या अळ्या खातात, ढीग मोकळा होतो. गावरान कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाणं लागतं, त्यातलं बरंच ती स्वतः वेचते. ही जोड मला सगळ्यात आवडते, कारण हिच्यात माल वाहणारा स्वतःच चालत जातो. भाजीच्या वाफ्याला मात्र कुंपण घाला. कोंबडीला तुमचा कागद वाचता येत नाही.

नाली, भुसकटाची गंजी आणि खुराडं. यंदा एवढंच.

ताई, आमचं घर गावात आहे. पाच माणसांचं आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं पाणी मोरीतून बोळात जातं. डास होतात आणि शेजारणीशी रोज वाद. मागच्या दारी थोडी जागा आहे. तिथं केळी लावू का? ग्रामपंचायतवाले शोषखड्डा घ्या म्हणतात.
— एक वाचक, ता. औसा

दोन्ही करा.

केळीला पाणी लई लागतं, म्हणूनच सांडपाण्याला ती चांगली. उन्हाळ्यात एका खुंटाला रोज वीस लिटर धरा. पाच माणसांचं आंघोळीचं आणि कपड्याचं मिळून नळ रोज येत असेल तर दोनशे लिटर सहज निघतं. पण तुमच्याकडं मे महिन्यात नळ कितव्या दिवशी येतो? तेव्हा हेच पाणी निम्म्यावर येत असणार. खुंट किती लावायचे ते जुलैच्या पाण्यावर ठरवू नका, मेच्या पाण्यावर ठरवा. चार-पाच खुंट पुरेत. पावसाळ्यात पाणी जास्त होईल, तेव्हा ते केळीच्या आळ्यातून पुढं शोषखड्ड्यात जाऊ द्या. शोषखड्डा जिथं बाण संपतो तिथं असावा, सुरुवातीला नको. सुरुवातीलाच घेतला तर सगळं पाणी सरळ खाली जातं आणि वर काही उगवत नाही. आड किंवा हातपंप असेल तर हे सगळं त्याच्यापासून पन्नास फुटांच्या बाहेर ठेवा.

आता साबणाचं. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतं. आपली काळी माती चिकणीची. तिच्यात सोडियम साठलं की कण सुटे होतात, माती दबते, वाळल्यावर दगड होते आणि पाणी वरच तुंबतं. दोन वर्षांनी केळी पिवळी का पडली म्हणून तुम्ही मला परत पत्र लिहाल. म्हणून कपड्याचं पहिलं फेसाचं पाणी सरळ शोषखड्ड्याकडं वळवा, आणि नंतरचं खंगाळायचं पाणी केळीला. मोरीत दोन नळ्या आणि एक बोळा, एवढीच यंत्रणा. जमेल तेव्हा रिठा वापरा. लोकरीचे, रेशमी कपडे त्यानं छानच निघतात, चादरी-सतरंज्यांना मात्र तो पुरत नाही, हेही सांगून ठेवते.

भांड्याच्या पाण्यात तेल आणि खरकटं असतं. त्याच्या वाटेत नारळाच्या शेंड्या भरलेली जुनी पाटी ठेवा आणि पंधरवड्यानं त्या शेंड्या खतात टाकून नव्या भरा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी या सगळ्यात घालूच नका, ते जनावराच्या आंबवणात गेलं पाहिजे.

डासांसाठी एकच नियम: पाणी डोळ्यांना दिसता कामा नये. आळ्यात खडी आणि वर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट वीतभर टाका, पाणी त्याच्याखालून जाऊ द्या. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात असं कच्चं खायचं काही या पाण्यावर लावायचं नाही. अळू आणि कर्दळ चालेल.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या वर्षी माझ्या ओळखीच्या घरांत जी झाडं जगली ती मोरीच्या तोंडाशी लावलेलीच. पहिला घड शेजारणीला द्या.

मावशी, चार वर्षांपूर्वी दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधला. आधी चांगला चालला, आता मार्चपासून शेगडी पेटत नाही. जनावरं तीन, दुपारी चरायला जातात. उन्हाळ्यात पाणीही कमी पडतं. शिवाय एक एकर हळद आणि दोन एकर कापूस आहे, त्याचा पाला आणि पऱ्हाट्या पडून राहतात. हे सगळं एकमेकांना जोडता येईल का?
— एक शेतकरी, ता. वसमत

आधी गॅस. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो ताजं शेण लागतं. तुमच्या तीन जनावरांचं होतं तीसेक किलो, आणि दुपारभर ती रानात असतात तेव्हाचं तिथंच पडतं. म्हणजे हातात येतं वीस-पंचवीस किलो. संयंत्र बांधलं तेव्हा बहुतेक जनावरं पाच असतील. शेगडी अर्धपोटी आहे, बिघडलेली नाही. अनुदानाच्या कागदावर घरातली माणसं मोजतात, गोठ्यातली जनावरं किती दिवस राहतील हे कुणी विचारत नाही. शेजारच्याचं शेण मिळत असेल तर घ्या आणि बदल्यात त्याला स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर येणारं पातळ शेणखत, द्या. तसं जमत नसेल तर एकाच वेळचा स्वयंपाक गॅसवर होईल असं धरून चाला.

पाण्याचं गणित वेगळं. शेणाइतकंच पाणी कालवावं लागतं हे खरं, पण ते पाणी वाया जात नाही. स्लरीबरोबर ते बाहेर येतं आणि पिकाला जातं. म्हणजे पिकाला द्यायचंच पाणी आधी टाकीतून फिरवून आणायचं. गोठा धुतलेलं पाणी शेण कालवायला वापरा. साबणाचं पाणी मात्र टाकीत कधीच घालू नका, आतले जिवाणू मरतात. आता स्लरीची कुंडी बघा. ती पिकापेक्षा उंचावर आहे का? असेल तर उघड्या चरानं स्लरी हळदीपर्यंत आपोआप जाईल. कुंडी खालच्या अंगाला असेल तर बादल्या वाहाव्या लागतील आणि वर्षभरात तुम्ही ते सोडून द्याल. बहुतेकांनी सोडलेलंच असतं. अशा वेळी स्लरी वर चढवत बसू नका, कुंडीच्या खालच्या बाजूला काय लावता येईल ते बघा. चार पपया, लिंबोणी, नाहीतर घासाचे दोन वाफे.

हळद आणि पऱ्हाटी यांची गाठ तुमच्या भागात फार सोपी पडते, आणि का कोण जाणे, कुणी मुद्दाम घालत नाही. कापसाची शेवटची वेचणी डिसेंबर-जानेवारीत संपते. हळद शिजवायची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हाच जळणाची ओढाताण होते. पऱ्हाट्या उपटून हळदीच्या भट्टीत घातल्या की दोन कामं होतात. सरपण मिळतं, आणि उरलेल्या बोंडांत लपलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या खरिपापर्यंत पोचत नाही. पऱ्हाट्यांची रास बांधावर जूनपर्यंत ठेवणं म्हणजे त्या अळीला घर बांधून देणं. म्हणून ही जोड फेब्रुवारी-मार्चच्या आत उरकायची. जळून उरतील त्या पऱ्हाट्या श्रेडर मिळाला तर बारीक करा आणि थरावर थर देऊन स्लरी ओता. नुसत्या पऱ्हाट्या वर्षभर तशाच पडून राहतात, त्यांना नत्र मिळालं की कुजतात.

हळदीचा पाला आच्छादनाला उत्तम, पण तोही येतो फेब्रुवारीत आणि नव्या हळदीला आच्छादन लागतं जूनमध्ये. वाळवून रचून ठेवा. पानांवर करपा आला असेल तर तो पाला परत हळदीत घालायचा नाही, रोग त्याच्यावरच टिकून राहतो. तो लिंबोणीच्या किंवा आंब्याच्या आळ्यात जाऊ द्या. एखादी जोड तोडून ठेवणं हासुद्धा आखणीचाच भाग असतो.

माझ्याकडं वीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि सीताफळ लावलं, म्हणजे शेळ्यांना पाला आणि झाडांना लेंडी. पहिल्याच वर्षी शेळ्यांनी सगळं फस्त केलं.
— एक वाचक, ता. भूम

शेवटच्या वेचणीनंतर कापसात शेळ्या सोडाव्या म्हणतात. खरं का?
— एक वाचक, ता. भोकरदन

दोन्ही पत्रं शेळ्यांचीच, म्हणून एकत्र घेते.

भूमकर, दोन घटकांना एकमेकांची गरज आहे म्हणून त्यांनी शेजारी राहायलाच हवं असं नाही. शेळी मागच्या पायावर उभी राहून पाच-सहा फुटांपर्यंत ओरबाडते. झाडाचा शेंडा तिच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत पाला कापून गोठ्यात टाकायचा, शेळी झाडापाशी न्यायची नाही. शेवरी लवकर वाढते, ती आधी लावा. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तो पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. सीताफळाची काळजी उगाच केली, त्याचा पाला शेळी सहसा तोंडात धरत नाही. फस्त केलं म्हणता त्यात सीताफळ नसावं, बघून घ्या. बाहेरच्या कडेला तेच दाट लावलं तर आतल्या झाडांना थोडी आडोशाची मदत होईल. तुम्हाला तीन वर्षं पाला तोडून वाहावा लागेल. शेळ्या वीस आणि हात दोनच असतील तर दहा शेळ्यांपुरतीच झाडं धरा आणि बाकीच्यांना चरायला न्या.

भोकरदनकर, खरं आहे. शेळ्या-मेंढ्या उरलेली हिरवी बोंडं आणि पाला खातात, त्यात बोंडअळीही जाते. वर लेंडी जागेवर पडते, वाहतूक शून्य. शेवटची फवारणी कधी झाली ते मात्र आधी बघा. डब्यावर लिहिलेली मुदत उलटल्याशिवाय एकही शेळी आत जाऊ देऊ नका. धनगरांचा मेंढ्यांचा वाडा येत असेल तर तो बसवा. धान्य किंवा पैसे काय ठरेल ते द्या, खत जिथं हवं तिथं थेट पडतं. आणि ज्वारी काढलेल्या रानात धसकटाला कोवळे हिरवे फुटवे आले असतील तर तिथं कुठलंच जनावर सोडू नका. त्या फुटव्यांत सायनाईड तयार होतं. जनावर तासाभरात जातं.

मी परभणीला कृषी शाखेत शिकते. आजोबा म्हणतात, "हे तुमचं पर्माकल्चर म्हणजे आमचीच जुनी शेती. साहेबानं नाव दिलं की तुम्हाला पटतं." त्यांना काय उत्तर देऊ?
— एक विद्यार्थिनी

उत्तर देऊ नकोस, ऐक. त्यांच्याकडून त्या काळी काय कुठून कुठं जायचं ते लिहून घे.

त्यांचं अर्धं म्हणणं पक्कं आहे. ज्वारी होती, तिचा कडबा बैलाला, बैलाचं शेण रानाला, रानातून पुन्हा ज्वारी. करडईची पेंड गाईला, तुरीच्या तुराट्या कुडाला आणि चुलीला, डाळीची चुनी म्हशीला. मग सोयाबीन आलं. ते वाईट म्हणून नाही, पैसा देत होतं म्हणून आलं. ज्वारी हटली तसा कडबा महागला, कडबा महागला तशी बैलं गेली, बैलं गेली तसं शेणखत संपलं, आणि आज लोक शेणखताची ट्रॉली विकत घेतात. कुणी ठरवून यातलं काहीच तोडलं नाही. एक कडी निसटली आणि मागच्या सगळ्या तिच्या मागं गेल्या. तुला अभ्यासाला विषय हवा असेल तर हा घे. एका गावात ज्वारीचा पेरा, कडब्याचा भाव आणि बैलजोड्या, तिन्ही शेजारी शेजारी लिही.

उरलेल्या अर्ध्याबद्दल आजोबांशी थोडं भांड. त्या जुन्या गावात जोडण्या भरपूर होत्या, पण त्या कुणाच्या अंगावर चालत होत्या ते विचार. मेलेलं जनावर ओढायला एकच वस्ती. सालगडी पहाटे चारला उठून गोठा साफ करायचा आणि वर्षाच्या शेवटी त्याचा हिशेब मालकाच्या वहीत. सरपण, पाणी, शेण बाईच्या डोक्यावर. गावातलं काहीच वाया जात नव्हतं असं म्हणतात, त्यात माणसाचे कष्ट कुणी धरले नाहीत. ज्यांनी ती कामं सोडली त्यांनी बरं केलं. म्हणून जुनं तसंच परत आणा असं मला म्हणवत नाही. कडबा-बैल-शेण ही जोड हवी, पण ती उतारानं, जागेनं आणि जनावराच्या पायानं चालायला हवी.

येळवशीला (वेळ अमावास्येला) घरी जाशील तेव्हा रानात कोपीपाशी बसून विचार. आंबिल पोटात गेल्यावर आजोबा खरं सांगतील.

आमच्या खव्याच्या भट्टीची रोज पाटीभर राख निघते. शेतात टाकावी का? पुस्तकात राखेनं जमीन सुधारते असं वाचलं.
— एक वाचक, ता. भूम

ते पुस्तक भरपूर पावसाच्या, आंबट जमिनीच्या मुलखातलं असणार. तिथं राखेनं आम्लता कमी होते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास असतो, त्यात रोजची पाटीभर राख एकाच रानात पडत गेली तर तो आणखी चढेल. खताच्या खड्ड्यात मूठ-दोन मूठ गेली तर बिघडत नाही, पाट्याच्या पाट्या नकोत.

राखेला गिऱ्हाईक शेताबाहेर शोधा. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर वापर बंद केलेल्या खड्ड्यावर झाकायला. साठवणीच्या कडधान्यात कोरडी, चाळलेली राख मिसळायला, त्यानं भुंगा कमी लागतो. आणि कोंबड्या असतील तर त्यांना. खुराड्याच्या दाराशी उथळ खड्डा करून त्यात निम्मी माती, निम्मी राख भरा. त्या त्यात लोळतात, अंगावरच्या उवा-गोचडी कमी होतात. वर पत्र्याचा तुकडा टाका, भिजली की काही उपयोगाची राहत नाही. भट्टी पेटवताना प्लास्टिक किंवा टायरचा तुकडा घालत असाल तर ती राख मात्र कोंबड्यांनाही देऊ नका.